मध्येच विझणारा दिवा: गाडी उघडण्याआधीची तयारी

गाडीचा दिवा कायमचा गेला तर शोध लवकर संपतो. बल्ब, फ्यूज किंवा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) गेलेला असतो आणि तो सापडतो. जीव खातो तो मध्येच जाणारा आणि आपोआप परत येणारा दिवा. आपण बॉनेट उघडून उभे राहिलो की तो हमखास लख्ख पेटलेला असतो. म्हणून पान्याच्या आधी वही हातात घ्या आणि दोन-चार दिवस फक्त नोंदी करा. दिवा खड्ड्यात जातो, ब्रेक दाबल्यावर जातो, गाडी धुतल्यावर जातो, की अर्धा तास चालल्यावर? एकटाच जातो, की सोबत आणखी काही मंदावतं? हादऱ्याने जात असेल तर होल्डर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) किंवा तुटत आलेली वायर बघायची. ओलाव्याने जात असेल तर लॅम्पच्या आत शिरलेलं पाणी किंवा कपलरमधला हिरवट थर. तापल्यावर जात असेल तर रिलेच्या आत तडकलेला सोल्डरचा डाग, नाहीतर स्विचचे जळालेले पॉइंट.

एक खूण मात्र वेगळी लिहून ठेवा. इंडिकेटर लावल्यावर त्याच बाजूचा टेल लॅम्पही त्याच्या तालावर लुकलुकत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणत असेल, तर आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे दिव्यातून करंट गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी) तपासा. करंटला बॉडीकडे जायची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वळसा घालून जातो. माझ्या अनुभवात असे निम्म्याहून जास्त दोष अर्थच्या बोल्टखालीच निघाले. रंग आणि गंज यांच्यामध्ये अडकलेला एक लग, म्हणजे वायरच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी, बस्स.

आता सामान. मल्टीमीटर हवाच, पण त्याच्या जोडीला फिलामेंटच्या बल्बचा साधा टेस्ट लॅम्पही ठेवा. का, ते एका डिकीने मला नीट शिकवलं. ब्रेक लाइट कधी लागायचा, कधी नाही. कपलर काढून मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट. शेवटी बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली. वायरवरचं आवरण अखंड होतं, पण दोन बोटांत धरून हलकेच ओढलं तर एका जागी ते रबरासारखं ताणलं गेलं. आत तांबं तुटलेलं होतं आणि केसासारख्या एक-दोन तारांवर सगळं टिकून होतं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून तेवढ्या तारेवरही तो १२ दाखवतो. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे ती तार हात टेकते. टेस्ट लॅम्प थोडा भार टाकतो, म्हणून तो खरं बोलतो. मात्र एअरबॅगच्या वायरींना आणि कंप्युटरकडे जाणाऱ्या वायरींना तो चुकूनही लावू नका.

मीटरची तार तेवढी लांब नसते, म्हणून बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत पोचेल अशी लांब वायर, दोन्ही टोकांना क्लिपा लावून, तयार ठेवा. मोजमाप दिवा चालू असतानाच करायचं, ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची अट. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बल्बच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर दोष त्याच वाटेवर आहे. प्लसच्या बाजूलाही तसंच, बल्बच्या प्लस टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. आकडा किरकोळ वाटतो, पण ५५ वॅटचा हेडलाइट साडेचार अँपिअर खेचतो. वाटेत ०.३ ओहमचा खराब जोड असेल तर तिथेच सव्वा व्होल्टहून जास्त खर्ची पडतो, आणि हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो.

त्याआधी बॅटरी बघून घ्या. चार्ज असलेली, स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा. सगळेच दिवे एकदम कमीजास्त होत असतील तर एकेक लॅम्प उघडत बसू नका. बॅटरीचे टर्मिनल आणि अल्टरनेटर तपासा.

आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळवा, अर्थचे बोल्ट कुठे आहेत ते त्यातच कळतं. नव्या गाड्यांत काही दिव्यांना सलग करंट न जाता तुकड्यातुकड्यांनी जातो. तिथे मीटरवर १२ पेक्षा कमी दिसलं म्हणून लगेच वायर कापू नका. झेनॉन दिवे असतील तर त्यांच्या बॅलास्टला (दिव्याला जास्त व्होल्टेज पुरवणाऱ्या डबीला) घरी हात घालू नका. पेटताना तिथे हजारो व्होल्ट असतात.

बाकी सामान चटकन सांगतो. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, नवे लग, क्रिंपिंगची पक्कड, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, त्याच नंबरचा एक रिले आणि त्याच अँपिअरचे फ्यूज. लाल १०, निळा १५. फ्यूज उडतो म्हणून मोठा लावणं म्हणजे वायर जाळायची सोय करणं. हॅलोजन बल्ब स्वच्छ कापडात धरा, बोटाचं तेल काचेला लागलं तर तो लवकर जातो. पाण्याची फवारणीची बाटली आणि एक माणूस सोबतीला घ्या. तो दिव्याकडे बघेल, तुम्ही वायर वीतभर अंतराने हलवत जा. दिवा फडफडला की तिथेच थांबून टेपने खूण करा. वायर कापायची वेळ आली तर सगळं बंद करून आधी बॅटरीचा मायनस काढा.

जोड झाल्यावर दिवे वीस मिनिटं चालू ठेवून त्या कपलरला हात लावून बघा. तो अजून तापत असेल तर जोड पुन्हा उघडा. गार राहिला तर वही काढा आणि दिवा ज्या वेळी जायचा तीच परिस्थिती मुद्दाम आणा: तेच खड्डे, तीच पाण्याची फवारणी, डिकीची तीच दहा वेळा उघडझाप.