बंदिशीचा सांगाडा कसा शोधावा

ग्वाल्हेर गायकीत आधी बंदिश स्थायी-अंतऱ्यासकट, म्हणजे तिच्या दोन्ही भागांसकट, नीट मांडतात, मग विस्तार. सांगाडा, म्हणजे सजावट खोडल्यावर उरणारे मुख्य स्वर, शोधायलाही बंदिशच घ्या, तासभराचा आलाप नको. भूप रागातली, मध्यलय तीनतालातली (सोळा मात्रांची) बरी.

आधी ती स्वरांत लिहून काढा. पं. भातखंडे यांची स्वरलिपी पुरे. १९१८ साली त्यांच्याच पुढाकारानं इथं ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, आणि शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरच्या वह्याही याच लिपीत आहेत. सरावासाठी मी जुळवलेली ही ओळ, नवव्या मात्रेपासून (खाली टिंब म्हणजे मंद्र स्वर, ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवा):

ग रे सा ध़ । सा रे ग प । ग ऽ ध प । ग रे सा ऽ

तिसऱ्या गटातल्या पहिल्या ग वर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आहे. तिथं खूण करा.

आता खोडरबर घ्या. कण, मुरक्या असली स्वरांची सजावट आधीच जाऊ द्या. मग एकेक स्वर झाकून ओळ गाऊन पाहा: तिचा रोख कळतोय ना? समेआधीचा प फक्त ग वर उतरण्यापुरता, खोडा. समेनंतरचे ध प सुद्धा ग कडेच परततात. सुरुवातीचं रे सा ध़ सा रे म्हणजे ग भोवतीची प्रदक्षिणा. उरलं काय? ग, रे, सा.

शेवटच्या रे ला जेमतेम एक मात्रा, तरी तो ठेवला. आधीचे दोन मात्र खोडले. शेवटचा काढला तर ग वरून सा वर यायची पायरीच जाते. नुसती लांबी मोजणारे इथं फसतात.

खात्री करायला तानपुरा लावा आणि हे तीनच स्वर सावकाश गा. भूप ऐकू आला पाहिजे. मग देशकार रागातली बंदिश घ्या. स्वर तेच पाच, पण वादी (मुख्य स्वर) ध, त्यामुळे वजन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. तिथंही ग च मुख्य उरला, तर खोडताना चूक झाली समजा, किंवा गाणाऱ्याचीच!

व्हिएन्नाचे संगीतशास्त्रज्ञ हाइन्रिश शेंकर (१८६८–१९३५) यांनी पाश्चात्त्य रचनांवर असंच काम केलं. त्यांच्या मते मोठमोठ्या रचनांच्या तळाशी पायरीपायरीनं सा वर उतरणारी एक ओळ असते, बऱ्याचदा हेच ग-रे-सा. गंमत वाटते, पण त्यांच्या ओळीखाली सा-प-सा असा खर्जाचा आधार आणि सगळी हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, आहे. आपल्याकडे तो आधार तानपुरा एकाच जागी धरून ठेवतो, म्हणून त्यांचे नियम जसेच्या तसे बंदिशीला लावू नका.

अंतरा वेगळ्या कागदावर घ्या. तिथली चढण तार सा कडे असते.