कुंडीला आपोआप पाणी: पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मेंटरनी या चुका टाळा

माती सुकली की पंप सुरू, भिजली की बंद. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा प्रकल्प कुणी ना कुणी घेतंच, आणि घ्यावाही. माती, पाणी, वीज, कोड सगळं एकाच कुंडीत येतं. पण तो बहुधा एखाद्या विषयात अडत नाही, दोन विषयांच्या सांध्यात अडतो. मेंटरचं लक्ष तिथे हवं.

सगळ्यात महागात पडते ती शाखेप्रमाणे केलेली कामवाटणी. मेकॅनिकलवाल्याने स्टँड, कॉम्प्युटरवालीने कोड, ईअँडटीसीवाल्याने (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) वायरिंग. शेवटच्या आठवड्यात तिघं एकत्र बसतात तेव्हा कळतं, मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची वायर 20 सेंटीमीटर आणि स्टँड दीड फूट. पहिल्या वर्षाला शाखेचा विषय असा कितीसा शिकवून झालेला असतो? जोड्या लावा: कोड लिहिणाऱ्याबरोबर पंप हाताळणारा. दुसऱ्या आठवड्यातच ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी), पंप, पाण्याचा डबा आणि कुंडी एका टेबलावर चालली पाहिजे, दिसायला कशीही असो. स्टँडचं नंतर बघू.

मग हमखास येणारी तक्रार: "सर, पंप लागला की आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) रीसेट होतो." मुलं रात्रभर कोड तपासतात, पण दोष असतो वीजपुरवठ्यात. आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत. 40 ही टोकाची मर्यादा. छोटा डीसी पंप 150 ते 200 मागतो, सुरू होताना आणखी जास्त. चौकोनी 9 व्होल्टच्या बॅटरीचाही व्होल्टेज या भाराखाली घसरतो. पंपाला वेगळा पुरवठा द्या, मध्ये रिले मॉड्युल किंवा ट्रान्झिस्टर (बोर्डच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच) ठेवा आणि पंपाच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. ट्रान्झिस्टर वापरत असाल तर दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड जोडलेले हवेत, नाहीतर पंप हलणारही नाही. डायोड पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतो. पाच-दहा घेऊनच ठेवा.

दोष नक्की कुठे आहे, हे पाहायला आधी पंप सोडवा. रिले वेळेवर टिकटिकला आणि बोर्ड रीसेट झाला नाही, तर कोडला हात लावू नका. पंप चालू असताना 5 व्होल्टच्या पिनवर मल्टिमीटर धरा. क्षणिक घसरण त्यावर दिसत नाही, हेही मुलांना सांगा.

सेन्सर दोन काट्यांचा असेल आणि त्याला सतत वीज दिली, तर ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिस होऊन काट्यांवरचा थर झिजतो आणि आकडे सरकत जातात. त्याची वीज डिजिटल पिनवरून द्या, वाचनापुरतीच. कपॅसिटिव्ह सेन्सर (धातू मातीला न लागता ओलावा मोजणारा) घेतलात तर ही कटकटच नाही. पंप कधी लावायचा तो आकडा मात्र कुणाच्या कोडमधून उचलू नका. आपली माती कोरडी असताना आणि भिजून निथळल्यावर, दोन्ही वाचनं घ्या. कोरडी 800, ओली 400 आली, तर पंप 700 ला सुरू, 500 ला बंद. एकच मर्यादा ठेवली की रिले फडफडत राहतो. पाणी मुरायलाही वेळ लागतो: 3 सेकंद पंप, मग मिनिटभर थांबा.

पंप बंद झाला तरी पाणी वाहतंच? इथेही कोडवरच संशय घेतला जातो. डब्यातली पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा वर असेल तर तो सायफन आहे. डबा खाली ठेवा, किंवा नळीच्या सर्वात उंच भागाला बारीक भोक पाडा. त्यातून थोडं पाणी उडतं, म्हणून भोक डब्याच्या वरच येऊ द्या. स्टँडची उंची ठरवताना कोडवाली हजर हवी, ती यासाठीच.

बोर्ड सुरू होताच पंप लागत असेल तर रिले मॉड्युल बहुधा उलट्या तर्काचं, म्हणजे पिनवर लो (0 व्होल्ट) दिल्यावर चालू होणारं आहे. कोडच्या सुरुवातीच्या सेटअप भागात पिन आधी हाय (5 व्होल्ट) करा, मग आउटपुट.

या सगळ्यात मेंटरने कीबोर्ड हातात घेतला की संपलंच. "कुठल्या दोन बिंदूंमध्ये मोजलंस?" एवढंच विचारा. वायरिंग सोडवण्याआधी फोटो काढायची सवय लावा.

आणि सादरीकरणाच्या दिवशी कुंडी सरावातच भिजलेली असते, त्यामुळे पंप सुरूच होत नाही. कोरड्या मातीचा एक डबा बरोबर न्या.