जुन्या गाडीचा रोड टॅक्स माफ कसा करून घ्यायचा (यूके)
इकडे इंग्लंडात गाडी बनून ४० वर्षं झाली की रोड टॅक्स माफ होतो, पण आपोआप नाही हां, अर्ज आपणच करायचा. म्हणजे १ जानेवारी १९८५ च्या आधी बनलेली गाडी असेल तर १ एप्रिल २०२५ पासून माफी, आणि बनल्याची तारीख माहितीच नसेल पण रजिस्ट्रेशन ८ जानेवारी १९८५ च्या आधीचं असेल तरी चालतं. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर मात्र नाही मिळत.

लॉगबुक म्हणजे व्ही-फाइव्ह-सी (गाडीच्या नोंदणीचा कागद) घ्यायचं, सोबत एमओटी (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट) किंवा एमओटी लागत नसेल तर व्ही-११२ फॉर्म, आणि गाडीचा टॅक्स भरून घेणाऱ्या पोस्ट ऑफिसात जायचं. काउंटरवर स्पष्ट सांगा की टॅक्स क्लास ‘हिस्टॉरिक’ करायचाय. लॉगबुक पोस्टवाले डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी बघणारं सरकारी खातं) पाठवतात म्हणून आधी फोटो काढून ठेवा प्लीज! जुनी एमजी किंवा मिनी असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून बिल्ड डेटचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, फार कामाचं आहे ते. आणि नंतरही दरवर्षी शून्य पौंडांचा का होईना, टॅक्स रिन्यू करावाच लागतो.