गाडीच्या काचेवरचे क्षाराचे पांढरे डाग

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने गाडी धुतली आणि ती तशीच उन्हात वाळली, की काचेवर पांढरे ठिपके बसतात. साबणाने ते हलत नाहीत, कारण तो मळ नसून क्षार असतो. त्याला आंबटच लागतं.

१. गाडी सावलीत लावा, काच गार होऊ द्या. आधी साध्या पाण्याने धूळ काढा, नाहीतर पुसताना चरे पडतील.

२. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. त्यात कापड भिजवून, पिळून काचेवर चिकटवा आणि पाचेक मिनिटं तसंच ठेवा. नुसतं फवारलं तर ओघळून जातं; खरं काम या ओल्या कापडाचं आहे.

३. मायक्रोफायबरने गोल फिरवत पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं तर पुन्हा एकदा.

व्हिनेगर रंगावर किंवा रबरावर ओघळलं तर लगेच धुवा. आतून फिल्म लावलेली असेल तर त्या बाजूला हे अजिबात वापरू नका. तारेची घासणीही नको. फार जुने डाग काचेतच उतरलेले असतात. त्यांना सेरियम ऑक्साइडचं (काच घासून गुळगुळीत करणाऱ्या बारीक पुडीचं) पॉलिशच लागतं.