नवजात बाळासाठी भेटवस्तू घेताना या चुका टाळा

बाळ जन्मल्याची बातमी कळली की भेटवस्तूंचा ओघ सुरू होतो, आणि त्यांपैकी कितीतरी वस्तू महिन्याभरात कपाटाच्या तळाशी जातात. देणाऱ्याचे मन निर्मळ असते, यात शंका नाही. मात्र दुकानात वस्तू निवडताना तिचे रंगरूप आपल्याला भुलवते, आणि रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत ती वापरणारे आई-वडील किंवा दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपणारे बाळ त्या क्षणी डोळ्यांसमोर येत नाही. काही चुकांनी केवळ पैसे वाया जातात, तर काहींमुळे बाळाच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या चुकांबद्दल आधी लिहितो.

पाळणा सजवणे ही त्यांतली सर्वांत मोठी चूक आहे. मऊ उशी, गुबगुबीत रजई, पाळण्याच्या कडेने बांधायच्या गाद्या आणि कोपऱ्यात बसवलेले अस्वल हे सारे छायाचित्रात फार गोड दिसते. पण पहिल्या काही महिन्यांत बाळाला मान नीट सावरता येत नाही, आणि नाकातोंडावर आलेले कापड बाजूला सारण्याचे बळही त्याच्या हातांत नसते. चेहरा मऊ वस्तूत रुतला तर श्वास कोंडतो, किंवा सोडलेलीच हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहते. बाळाला प्रत्येक वेळी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे, आणि ताणून बसवलेल्या चादरीखेरीज तिथे काहीही ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा पहिल्या वर्षासाठीचा स्पष्ट सल्ला आहे. अमेरिकेत तर 2022 साली कायदा करून कडेच्या गुबगुबीत गाद्या आणि 10 अंशांहून अधिक उतार असलेली झोपेची साधने विकण्यास बंदी घालण्यात आली. बाळाचे डोके गजांमध्ये अडकू नये म्हणून पूर्वी या गाद्या बांधत असत. आता चांगल्या पाळण्याच्या गजांमधले अंतर सुमारे 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांचे मूळ कारणच उरलेले नाही.

अशी रजई किंवा उशी आधीच भेट आली असेल तर ती टाकून देण्याची गरज नाही. बाळ जागे असताना आणि कोणीतरी शेजारी बसलेले असताना, पातळ रजई जमिनीवर पसरून त्यावर बाळाला पोटावर खेळवता येते. यामुळे मान आणि खांद्यांचे स्नायू बळकट होतात, शिवाय डोक्याचा मागचा भाग चपटा होण्याची भीतीही कमी होते. याच भीतीपोटी अनेकजण ‘डोके गोल करणारी’ उशी भेट देतात, पण ती झोपेत वापरणे सुरक्षित नाही. थंडीची काळजी असेल तर पांघरुणाऐवजी बाळाच्या मापाची स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपेची पिशवी द्यावी, मात्र आत वजन भरलेली देऊ नये. लपेटण्याचे दुपटे द्यायचे झाल्यास ते पातळ सुती असावे. लपेटताना पाय सरळ ओढून आवळू नयेत, कारण त्यामुळे खुब्याच्या सांध्याला इजा पोहोचू शकते. बाळ कुशीवर वळण्याची चिन्हे दाखवू लागताच लपेटणे पूर्ण थांबवावे.

झोप लागावी म्हणून सतत एकसुरी आवाज करणारी यंत्रेही हल्ली भेट दिली जातात. त्यांचा आवाज पूर्ण मोठा करून ती उशाशी ठेवली तर बाळाच्या कानांना अपाय होऊ शकतो. वापरायचीच असतील तर ती पाळण्यापासून किमान 2 मीटर दूर आणि अगदी मंद आवाजात ठेवावीत.

खेळण्यांच्या बाबतीत वयाचे भान सुटते. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना दिसणारा आईचा चेहरा हेच त्याचे पहिले खेळणे असते. ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचे कापडी पुस्तक किंवा एकसंध, हलका खुळखुळा त्याला पुरतो. घरात टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी असेल तर एक सोपी चाचणी करता येते: जी वस्तू किंवा सुटणारा भाग त्या नळीतून आरपार जातो, तो बाळाच्या हाती देऊ नये. दिवे लागणाऱ्या आणि गाणाऱ्या खेळण्यांतील नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्यांबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतच गंभीररीत्या भाजू शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे घेऊच नये. बाळाने ती गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता आणि उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठावे. दात येताना घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत. त्यांनी गळा आवळण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका असतो.

वॉकरने बाळ लवकर चालू लागते, हा समज चुकीचा आहे. उलट त्यातून बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम वस्तूपर्यंत पोहोचते. कॅनडाने 2004 सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. गाडीत बसवायची जुनी कार सीट प्रेमाने दिली जाते खरी, पण तिचा अपघात झालेला नाही याची खात्री असल्याशिवाय आणि तिच्यावर छापलेली वापराची मुदत तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

कपडे देताना बहुतेकजण सर्वांत लहान माप उचलतात. बाळाचे वजन पाच महिन्यांच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होते, त्यामुळे ती इवलीशी झबली काही आठवड्यांतच अपुरी पडतात. सहा ते बारा महिन्यांचे माप घ्यावे, आणि बाळ तेवढे होईल तेव्हा ऋतू कोणता असेल याचाही हिशेब करावा. समोरून उघडणारे, आतून शिवण न टोचणारे आणि गळ्याशी नाड्या नसलेले कपडे उत्तम. हातमोजे-पायमोजे दिले तर ते आधी उलटे करून पाहावेत, कारण आतला सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह रोखू शकतो. ज्यांच्याकडे एकाच मापाचे ढीगभर कपडे जमले आहेत त्यांनी सगळ्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढू नयेत. दोन-चार जोड धुऊन वापरावेत आणि उरलेले बदलून घ्यावेत. देणाऱ्याने पावती सोबत ठेवली तर हे अवघड राहत नाही.

सुगंधी तेल, पावडर आणि लोशनचे संच टाळावेत. पावडरचे कण श्वासात जातात आणि सुगंधी द्रव्यांनी नाजूक त्वचेवर पुरळ उठू शकते. दुधाची बाटली किंवा पावडरचे दूध न विचारता नेऊ नये. स्तनपान जमवण्यासाठी धडपडणाऱ्या आईला ती भेट एखाद्या शेऱ्यासारखी लागते.

आणि त्या आईचे स्वतःचे काय? तिचे शरीर सावरायला कित्येक आठवडे लागतात, पण बहुतेक पिशव्यांत तिच्यासाठी काहीच नसते. समोरून उघडणारा मऊ गाऊन, एका हाताने उघडता येणारी पाण्याची बाटली किंवा साधा डिजिटल थर्मामीटर या गोष्टी दिखाऊ नाहीत, पण रोज वापरात येतात. थर्मामीटरसोबत एक गोष्ट कागदावर लिहून द्यावी: तीन महिन्यांखालील बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

‘काही लागले तर सांगा’ हे वाक्यही एक चूकच आहे, कारण थकलेल्या माणसाला मदत मागण्याचेही श्रम होतात. त्याऐवजी ‘मंगळवारी चार ते सहा मी बाळाजवळ बसतो, तुम्ही दोघे झोपा’ असे वेळ ठरवून सांगावे. त्या दिवशी आपल्याला सर्दी-खोकला झाला असेल तर भेट पुढे ढकलावी, आणि गेल्यावर बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवावेत.