भाडेकरूच्या निधनानंतर घराचा ताबा कसा राखावा

ज्यांच्या नावावर भाडेपावती होती त्यांचेच निधन झाले म्हणजे घर सोडावे लागणार, ही महाराष्ट्रातील जुन्या चाळींमधली सार्वत्रिक धास्ती बहुतेक वेळा निराधार असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7(15) नुसार, राहत्या जागेच्या भाडेकरूच्या निधनसमयी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते. तशी कोणी नसेल, तरच अन्य वारसाचा विचार होतो. घरच्यांचे आपसांत एकमत न झाल्यास निर्णय न्यायालय देते.

त्यामुळे सारी मदार सोबत राहत असल्याच्या पुराव्यावर असते. शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रे, मुलांचे शाळेचे दाखले अशी निधनापूर्वीच्या तारखांची कागदपत्रे आधी गोळा करावीत, कारण नंतर बदलून घेतलेल्या पत्त्याला फारसे वजन नसते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा आणि त्याची प्रत जोडून पावती आपल्या नावावर करण्याचा लेखी अर्ज मालकाला द्यावा, त्याची पोच जपून ठेवावी. मालक टाळाटाळ करू लागला, तरी भाडे थकवू नये. थकबाकी हे त्याच्या हाती दिलेले आयते कारण ठरते. भाडे स्वीकारल्यावर लेखी पावती देणे कलम 31 प्रमाणे त्याला बंधनकारक आहे.

लीव्ह अँड लायसन्सच्या घराला मात्र हे संरक्षण नाही; तिथे करारनामा वाचून मालकाशी नवा करार करावा.