पाप या विषयावर बायबल अभ्यासवर्ग कसा घ्यावा

पापावरचा अभ्यासवर्ग बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच बिघडतो. वर्ग घेणारा विचारतो, "पापं कोणकोणती?" आणि फळा भरत जातो: खोटं, चोरी, व्यभिचार, जुगार, दारू. यादी पुरी होईपर्यंत प्रत्येकाने मनातल्या मनात आपला हिशोब मांडलेला असतो आणि बहुतेकांना तो फारसा वाईट वाटत नाही. "मी या जकातदारासारखा नाही" म्हणणारा परूशी, म्हणजे येशूच्या गोष्टीतला काटेकोर धर्म पाळणारा माणूस (लूक १८:९-१४), अशाच वर्गातून तयार होतो. ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे आधी देवाशी तुटलेलं नातं, माणसाला धरून ठेवणारी एक सत्ता. कृत्यं त्यातून निघतात. म्हणून यादी करायचीच असेल तर ती दुसऱ्या बैठकीच्या शेवटी करा.

खालची मांडणी चार बैठकांची आहे. प्रत्येक बैठक दीड तासाची, मध्ये आठवड्याचं अंतर, माणसं सहा ते दहा. दहाच्या वर गेलात की तीन-चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. मोठ्याने वाचायला एकच भाषांतर ठरवा, दुसरं शेजारी ठेवा. वर्ग घेणाऱ्याने आधी उत्पत्ती १ ते ४ आणि रोमकरांस पत्राचे १ ते ८ अध्याय प्रत्येकी एका दमात वाचावेत. रोमकरांसचा हा भाग मोठ्याने वाचायला साधारण अर्धा तास लागतो. तुकड्यातुकड्यांत वाचलं की पत्र लिहिणाऱ्या पौलाचा युक्तिवाद हातातून निसटतो. पहिल्याच दिवशी एक नियम सांगून टाका: इथे कुणालाही स्वतःचं पाप सर्वांसमोर सांगायला लावलं जाणार नाही, आणि कुणी दुसऱ्याचं सांगायचं नाही.

पहिली बैठक: उत्पत्ती ३

तिसऱ्या अध्यायावर थेट उडी मारू नका. आधी १:३१ आणि २:२५ वाचा. निर्मिती "फार चांगली" आहे, माणसं उघडी आहेत आणि त्यांना लाज वाटत नाही. ख्रिस्ती मांडणीत वाईटपणा निर्मितीचा मूळ भाग नाही, तो नंतर आला. हे सुटलं तर पुढे शरीर, भूक, लैंगिकता या गोष्टीच मुळात पापी आहेत असा समज घेऊन लोक घरी जातात. यावर दहा मिनिटं खर्च करा.

मग ३:१-६ सावकाश वाचा आणि २:१६-१७ शेजारी ठेवा. देवाने बागेतल्या सगळ्या झाडांची मोकळीक दिली होती, एकाच झाडाला मनाई केली होती. सर्प हेच उलटं करून विचारतो: कोणत्याच झाडाचं फळ खाऊ नका, असं देवाने खरंच सांगितलं का? स्त्री त्याला दुरुस्त करते, पण "स्पर्शही करू नका" हे स्वतःचं जोडते. देव काहीतरी राखून ठेवतोय, हा संशय इथे रुजतो. "तुम्ही देवासारखे व्हाल" या वचनापाशी थांबून १:२७ काढायला सांगा. माणूस आधीच देवाच्या प्रतिरूपाचा होता. जे मिळालेलं होतं तेच देवाला वगळून मिळवण्याचा हा प्रयत्न आहे, हे गटाने स्वतः शोधलं तर उत्तम. आयतं देऊ नका. सहाव्या वचनात आदाम तिच्याबरोबरच आहे आणि गप्प आहे, हेही बहुतेकांनी कधी वाचलेलं नसतं.

आता कागदावर चार रकाने आखा: देव, स्वतः, एकमेक, भूमी. ३:७ ते ३:२४ वाचताना प्रत्येकात काय बिघडलं ते गटाकडून भरून घ्या. देवाच्या रकान्यात भीती आणि लपणं (८-१०) येईल. स्वतःच्या रकान्यात लाज आणि अंजिराची पानं (७). एकमेकांच्या रकान्यात दोषारोप (१२) आणि सत्ता गाजवणं (१६). बाराव्या वचनात आदाम एका वाक्यात स्त्रीलाही दोष देतो आणि ती देणाऱ्या देवालाही. भूमीच्या रकान्यात काटे आणि घाम (१७-१९). पापाचा मानवजातीवर परिणाम काय, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कागदावर असतं. तो जपून ठेवा, चौथ्या बैठकीत लागेल.

इथे हमखास येणाऱ्या तीन चुका. फळ सफरचंद होतं: मजकुरात तसं कुठेही नाही. पाप म्हणजे शरीरसंबंध: "फलद्रूप व्हा" ही आज्ञा १:२८ मध्ये, म्हणजे पतनाच्या (फळ खाण्याच्या) आधी आहे. दोष सगळा हव्वेचा: पौल रोम ५ मध्ये आदामाचं नाव घेतो. चौथी अडचण मात्र खरी आहे. "ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील" असं सांगूनही आदाम ९३० वर्षं जगला (५:५). पुष्कळ भाष्यकार म्हणतात की मरण त्या दिवशी सुरू झालं, देवापासून दुरावण्याच्या रूपात, आणि जीवनाच्या झाडाची वाट बंद झाल्यावर (३:२२-२४) शरीराचं मरणही अटळ झालं. प्रश्न विचारणाऱ्याला अश्रद्ध समजू नका.

शेवटची पंधरा मिनिटं चौथ्या अध्यायाला द्या. पाप हा शब्द उत्पत्तीत पहिल्यांदा येतो तो फळ खाण्याच्या प्रसंगात नाही, आदामाचा मुलगा काइन याला देवाने दिलेल्या इशाऱ्यात: ते दाराशी टपून बसलं आहे, पण तू त्याच्यावर ताबा मिळव (४:७). इथे पाप जनावरासारखं दबा धरून आहे, आणि तरी काइन जबाबदार आहे. पुढच्या सगळ्या बैठकांत या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवायच्या आहेत. जबाबदारी सोडली की "मी काय करणार, स्वभावच तसा" असं होतं. पापाची ताकद विसरली की "मनावर घेतलं तर मी सुधारेन" असं. काइनाचा वंशज लामेख याची सत्त्याहत्तरपट सुडाची बढाई (४:२४) वाचून मत्तय १८:२२ काढलंत, तर येशूने पेत्राला क्षमेचा तो आकडा का दिला असावा हे गटाच्या आपोआप लक्षात येतं.

दुसरी बैठक: कृत्य आणि अंतःकरण

२ शमुवेल ११ वाचा आणि पायऱ्या मोजायला सांगा. राजा दावीद बथशेबेला पाहतो, चौकशी करतो, तिला बोलावून घेतो, तिच्याजवळ जातो. मग तिचा नवरा उरीया याला घरी पाठवू पाहतो, त्याला दारू पाजतो, शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचं पत्र देतो. कोणकोणत्या आज्ञा मोडल्या ते निर्गम २० समोर ठेवून शोधा, पण आज्ञांचे क्रमांक वापरू नका. कॅथलिक व लुथरन मोजणी आणि इतर बहुतेक प्रोटेस्टंट मोजणी वेगळी आहे, आणि मिश्र गटात सहावी की सातवी यावर वेळ जातो.

नाथान संदेष्ट्याने दावीदाला सांगितलेली कोकरीची गोष्ट (१२:१-७) आणि स्तोत्र ५१ एकापाठोपाठ घ्या. "तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध" हे शब्द ऐकून कुणीतरी विचारेलच, मग उरीयाचं काय? विचारायलाच हवं. स्तोत्र उरीयावरचा अन्याय पुसत नाही. माणसाविरुद्ध केलेला गुन्हा त्याच्या निर्माणकर्त्यापर्यंत पोचतो, असं ते सांगतं. २ शमुवेल १२:१३-१४ इथे आणखी एक भेद स्पष्ट होतो: दावीदाला क्षमा मिळते, परिणाम मात्र टळत नाहीत. क्षमा झाली म्हणजे नुकसानभरपाई, कायदेशीर शिक्षा किंवा तुटलेला विश्वास यांतून सुटका झाली, हा समज इथेच काढून टाका.

बाकीचं पटकन. मार्क ७:२०-२३: वाईट आतून निघतं. याकोब १:१४-१५: वासना, पाप, मरण हा क्रम. याकोब ४:१७ आणि मत्तय २५:४१-४५: न केलेलं चांगलंही पापच. नहेम्या १:६: समाजाचं पाप "आम्ही" म्हणून कबूल करणं. आता हवी तर यादी करा. ती पहिल्या दिवशी झाली असती त्यापेक्षा बरीच वेगळी निघेल.

सगळी पापं सारखीच का? याकोब २:१० वाचून कुणी हो म्हणेल. पण योहान १९:११ मध्ये येशू "अधिक पाप" म्हणतो आणि १ योहान ५:१६-१७ भेद करतं. कॅथलिक शिकवणीत प्राणघातक पापाला तीन अटी आहेत: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, जाणूनबुजून दिलेली संमती हवी. प्रोटेस्टंट परंपरा ही विभागणी त्या स्वरूपात मानत नाहीत, तरी परिणामांच्या दृष्टीने पापं लहानमोठी असतात हे नाकारत नाहीत.

तिसरी बैठक: रोमकरांस पत्र

ही सगळ्यात अवघड बैठक आहे. १:१८-३२ वाचलंत की न थांबता २:१ वाचा. अध्यायांची विभागणी १३ व्या शतकातली, मूळ पत्रात ती नाही. ३२ व्या वचनाशी थांबलं की हा उतारा "त्या लोकांबद्दल" होतो, आणि पौलाने सापळा लावलेला असतो तो नेमका असं म्हणणाऱ्यासाठी. पहिल्या अध्यायात "देवाने त्यांना सोडून दिलं" हे तीनदा येतं (२४, २६, २८), ते अधोरेखित करायला सांगा. इथे शिक्षा आकाशातून कोसळत नाही. माणसाला जे हवं होतं त्याच्याच हवाली केलं जातं. मग ३:९-२३, जिथे यहूदी आणि ग्रीक एकाच रांगेत उभे राहतात.

५:१२-२१ साठी अर्धा तास राखून ठेवा. एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण. ते आपल्यापर्यंत पोचतं कसं, यावर मंडळ्यांचं एकमत नाही आणि वर्ग घेणाऱ्याने ते झाकू नये. पेलागियस या पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिक्षकाचं म्हणणं होतं की आदामाने केवळ वाईट उदाहरण घालून दिलं. त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला, ४१८ च्या कार्थेज परिषदेने ते मत फेटाळलं आणि ५२९ च्या ऑरेंज परिषदेने देवाकडे वळण्याची सुरुवातही कृपेनेच होते असं ठरवलं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात, वारशाने मर्त्यपणा आणि बिघाड येतो, आदामाचा वैयक्तिक दोष येत नाही. कॅथलिक मंडळीने १५४६ मध्ये ट्रेंट परिषदेत सांगितलं की बाप्तिस्म्याने मूळ पाप, म्हणजे आदामापासून आलेलं पाप, खरोखर दूर होतं. मागे उरते ती पापाकडची ओढ, आणि ती स्वतः पाप नव्हे. लुथर आणि त्याच्या अनुयायांच्या मते ती ओढसुद्धा पापच. रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरेत आदाम सगळ्यांचा प्रतिनिधी, म्हणून त्याचा दोष सगळ्यांच्या नावे मांडला जातो. गट ज्या मंडळीचा असेल तिची भूमिका नीट शिकवा, बाकीच्या प्रामाणिकपणे सांगा.

"संपूर्ण भ्रष्टता" ही रिफॉर्म्ड संज्ञा आली तर लगेच खुलासा करा, कारण लोक ती "प्रत्येक माणूस शक्य तितका वाईट" अशी ऐकतात आणि आपल्या ओळखीचे भले शेजारी आठवून ती धुडकावतात. पाण्यात शाईचा थेंब पडला तर पाणी काळंकुट्ट होत नाही, पण रंग न लागलेला घोटही उरत नाही. बुद्धी, इच्छा, भावना यांतलं काहीच अस्पर्श नाही, एवढाच त्याचा अर्थ.

७:१४-२५ मधला "मी" कोण, यावर दहा मिनिटांची मर्यादा घाला. नियमशास्त्राखालचा माणूस की विश्वासणारा पौल? खुद्द ऑगस्टीनने आयुष्याच्या ओघात पहिलं मत सोडून दुसरं धरलं. नंतर ८:१९-२३ वाचा: सृष्टीही कण्हत आहे. पहिल्या दिवशीचा भूमीचा रकाना इथे पुन्हा उघडतो.

चौथी बैठक: कृपा आणि कबुली

ही बैठक कधीही रद्द करू नका, पुढे ढकलू नका. तीन बैठकांवर थांबलेला वर्ग माणसांना दोषाखाली दडपून सोडतो. लेवीय १६ मधले दोन बकरे दाखवा, एकाचं रक्त शुद्धीसाठी आणि दुसरा पापं वाहून रानात नेणारा. मग रोम ३:२१-२६ आणि इफिस २:१-१०, ज्यात चौथ्या वचनातला "परंतु देव" सगळा उतारा फिरवतो. चार रकान्यांचा कागद काढा आणि ख्रिस्तात प्रत्येक रकान्यात काय बरं होतं ते समोर लिहा. भूमीचा आणि मरणाचा भाग अजून अपुरा राहील. तो तसाच राहू द्या. इथे पुण्याची भर घालून पापाची वजाबाकी करण्याची जुनी सवय डोकं वर काढते. इफिस २:८-१० मध्ये सत्कृत्यं तारणानंतर येतात, त्याच्या किमतीत नाही.

स्तोत्र ३२ आणि १ योहान १:८-१० वाचून दहा मिनिटं शांतता ठेवा. ज्यांना लिहायचं असेल त्यांनी लिहावं आणि कागद स्वतः फाडून टाकावा. गोळा करू नका. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स सदस्यांना धर्मगुरूंजवळच्या कबुलीची वाट आहे, इतरांना पाळकाजवळ किंवा विश्वासातल्या एखाद्याजवळ (याकोब ५:१६).

काही गोष्टींत चूक परवडत नाही. कुणी मुलावर झालेला अत्याचार सांगितला तर गुप्ततेचं वचन देऊ नका. कायद्याप्रमाणे कळवा आणि मुलाला सुरक्षित करा. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला "आपण सगळेच पापी" असं सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. आजार, अपंगत्व, अपत्याचा मृत्यू, नैराश्य यांना अमक्या पापाचं फळ म्हणू नका. येशूने स्वतः तसं म्हणायला नकार दिला आहे: जन्मांध माणसाबाबत (योहान ९:१-३) आणि शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबाबत (लूक १३:४-५). तीच ती कबुली पुन्हा पुन्हा देऊनही ज्याला शांती मिळत नाही, त्याला आणखी आत्मपरीक्षण देऊ नका. त्याला एका ठरलेल्या पाळकाकडे पाठवा, गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडेही.

वर्ग संपल्यावर एखादा मागे रेंगाळतो आणि क्षमा न होणाऱ्या पापाबद्दल हळूच विचारतो. मार्क ३:२८-३० त्याच्याबरोबर बसून वाचा, आणि २८ व्या वचनापासूनच वाचा, कारण माणसांना सर्व पापांची क्षमा होईल हे त्यात आधी येतं. मग ३० वं वचन दाखवा: येशूच्या हातून घडणारं पवित्र आत्म्याचं काम डोळ्यांसमोर पाहून त्याला अशुद्ध आत्म्याचं म्हणणाऱ्या शास्त्र्यांना हा इशारा होता. त्यांच्यापैकी कुणी क्षमेची चौकशी करत नव्हता.